अक्काचा सुळा

डेंटलला नंबर लागायच्या कितीतरी आधी माझ्याकडे लोणच्याची बरणी भरून माणसांचे दात होते. आता वाचणाऱ्याला वाटेल, मुलगी काहीतरी भलतीच दिसते. मी भलती नाही. माझे वडील भलते आहेत.

झालं असं. बारावीला मार्क बरे पडले, पण नीटच्या परीक्षेत मी माती खाल्ली. वर्ष वाया नको म्हणून जळगावला बी.एस्सी.ला नाव घातलं, विषय झूलॉजी. सकाळी कॉलेजात झुरळाच्या तोंडाचे भाग ओळखायचे आणि दुपारपासून होस्टेलच्या खोलीत परत नीटचा अभ्यास. कुणी विचारलं, "काय गं, एमबीबीएस का?" की मी सांगायची, "नाही, डेंटल." मग समोरच्याचा चेहरा असा पडायचा, जसं काही त्याचीच सीट गेली. "म्हणजे अर्धा डॉक्टर," असंही एकाने तोंडावर म्हटलं. त्याचे पुढचे दोन दात किडलेले होते. ते मला केव्हाच दिसले होते. मला दातच आवडतात, त्याला मी काय करू? माणूस भेटला की माझी नजर आधी तोंडात जाते.

माझ्या रूममेटची मोठी बहीण धुळ्याला डेंटलला होती. ती एकदा होस्टेलवर आली आणि सहज बोलून गेली, "पहिल्या वर्षाला खरे दात लागतात गं अभ्यासाला. प्रत्येक प्रकारचा हवा. आम्ही दवाखान्यांचे उंबरे झिजवले. त्यातून वरचा सुळा मिळणं म्हणजे तर विचारूच नको. दाढा पोत्यानं मिळतात, पण सुळा घट्ट असतो, तो शेवटपर्यंत टिकतो."

दिवाळीत घरी गेल्यावर ही गंमत मी जेवताना सांगितली. एवढंच माझं चुकलं. कारण आमचे भाऊ, म्हणजे वडील, साक्री-धुळे एसटीवर कंडक्टर आहेत. त्यांच्या कानात पडलेली गोष्ट धुळ्याच्या स्टँडपर्यंत जायला एक फेरी पुरते.

"मनी पोरले खरा दात लागतस, अभ्यासले," असं भाऊंनी तिकीट फाडता फाडता (मशीन आलंय, पण ते अजून फाडतोच म्हणतात) गाडीभर सांगितलं. झालं! लोक दात आणून द्यायला लागले. कुणी काढलेली दाढ कागदाच्या पुडीत, कुणी तंबाखूच्या डबीत, एका मावशीनं तर रुमालाच्या गाठीत, सुट्ट्या पैशांसोबत. एका आईनं पोराचा दुधाचा दात छपरावर फेकू दिला नाही, माझ्यासाठी पाठवला. दुधाचे चालत नाहीत हे सांगेपर्यंत असे मूठभर जमले. एकानं तर बोकडाचा दात दिला. म्हणाला, "आजोबांचा आहे." मी झूलॉजीवाली! म्हटलं भाऊ, त्याला सांगा, आजोबा फार पाला खायचे.

माय पहिल्यांदा किंचाळली. मग लोणच्याची जुनी बरणी तिनंच काढून दिली, एका अटीवर, की ती देवघराच्या खोलीत यायची नाही. मेडिकलमधून औषध आणून मी दात त्यात घालून धुतले, उकळले, वाळवले. बरणी भरत गेली. दाढा होत्या, पुढचे दात होते, अक्कलदाढाही होत्या. वरचा सुळा मात्र नव्हता.

तो होता शेजारच्या अक्काच्या तोंडात.

अक्का साक्रीच्या आठवडे बाजारात सुक्या मिरच्या विकते. तिच्या तोंडात तेवढा एकच दात उरलेला, वरचा, उजवीकडचा, मशेरीनं काळा पडलेला आणि जरा हलता. गिऱ्हाईक म्हणालं, "अक्का, मिरची तिखट आहे ना?" की अक्का मिरची त्या दाताखाली धरायची आणि कट्‌कन देठ तोडून दाखवायची. डोळ्यात पाणी नाही, काही नाही. निम्मा बाजार ते बघायलाच थांबायचा. मी मागे लागले, "अक्का, हलतोच आहे, पडला की मला दे." ती म्हणाली, "बठ्ठा ग्यात, हाऊ एकलाच ऱ्हायना. पहिले तुना नंबर लागू दे. मंग देसू."

म्हणजे नंबर लागला की सुळा माझा. सौदा ठरला. बाजारातही तिनं सांगून टाकलं.

त्या वर्षी दुसऱ्यांदा परीक्षा दिली. पहिली यादी लागली, माझं नाव नाही. दुसरी लागली, तिच्यातही नाही. शेवटची लागली तेव्हा मी होस्टेलच्या जिन्यात बसून मोबाईलवर बोट घासत होते. नव्हतंच नाव, तर घासून काय येणार? मला फार लाज वाटली. नापास व्हायची लाज एकटीची असते, पण माझ्या अभ्यासासाठी अख्ख्या गाडीनं दात दिले होते! भाऊंना तर एका पॅसेंजरनं विचारलंसुद्धा, "कंडक्टर, माझी दाढ वाया गेली का हो?" भाऊ हसले म्हणे. मला ते ऐकवेना.

मी घरी गेले आणि जाहीर केलं, "बस झालं. बी.एस्सी. करीन, बी.एड. करीन, शाळेत शिकवीन. बरणी पांझरा नदीत सोडून या." रागात मी ओरडूनच बोलले. आमच्या घराची भिंत अक्काच्या घराला लागून आहे. मायनं बरणी उचलली आणि फडताळात मागे ढकलली.

दुसऱ्या दिवशी भाऊंच्या पहिल्या गाडीनं अक्का साक्रीला गेली. मिरच्यांचं गाठोडं नाही, बाजाराचा वारही नाही. दुपारी परत आली ती सरळ आमच्या ओट्यावर. गालाला पदर लावलेला. मुठीतला कापूस तिनं माझ्या हातावर ठेवला. आत सुळा होता, मुळासकट, अख्खा, जरासुद्धा न तुटलेला.

"अक्का, अगं नंबर लागला नाही माझा!" मी म्हटलं.

तोंडात कापूस असल्यानं तिला धड बोलता येत नव्हतं. तरी बोललीच, "मालूम शे. आते कशी मांगे फिरशी?"

मी तिथेच ओट्यावर बसून ढसाढसा रडले. अक्का मला धरायचं सोडून मायला म्हणाली, चहा थंड करून दे, गरम चालत नाही.

मग काय, करते काय? बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आणि नीटचा तिसरा प्रयत्न, दोन्ही एकत्र ओढलं. सुळा एका छोट्या डबीत टेबलावर ठेवला होता. झोप आली, कंटाळा आला, कुणी रूममेट सिनेमाला चल म्हणाली, की डबी समोर. शिव्याही दिल्या मी त्या डबीला. "म्हातारे, तुला कुणी सांगितलं होतं!" असं मोठ्यानं म्हणायची. या खेपेला दुसऱ्याच यादीत नाव आलं. धुळे. भाऊंनी त्या दिवशी गाडीत पेढे वाटले आणि दात देणाऱ्यांना दोन-दोन.

आता पहिल्या वर्षाला आहे. बरणी होस्टेलवर आली तेव्हा वर्गातल्या मुली तुटून पडल्या, निम्म्या दाढा तर मी उदारपणे वाटूनच टाकल्या. सुळा कुणालाच दिला नाही. मॅडमनी तो हातात घेऊन फिरवून पाहिला, म्हणाल्या, "छान नमुना आहे, कुठून मिळाला?" मी म्हटलं, "साक्रीच्या मिरची बाजारातून."

परवा भाऊंचा फोन आला. गावात कवळ्यांचं फुकट शिबिर लागलं होतं. भाऊंनी स्वतः अक्काला नेऊन बसवलं, माप द्यायची वेळ आली आणि ही उठली. तिथल्या डॉक्टरला म्हणाली, "मनी डॉक्टर शिकी ऱ्हायनी." आणि चालायला लागली.

मी चिडले. भाऊंना म्हटलं, फोन द्या तिला. "अक्का, तुला वेडबिड लागलं का? कवळी करायला मला अजून काही वर्षं लागतील. तोपर्यंत काय भाकरी कुस्करून खात बसणार? बाजारात मिरची कशी तोडतेस?"

"हातवरी तोडस," ती म्हणाली. "लोकेसले मजा येस नही." आणि वर, "मी थांबसू वं. तू फक्त नापास व्हऊ नको."

आमच्या वर्गात सगळ्यांना नापास व्हायची भीती आहे, ती आईबापाची. मला एका बोळक्या तोंडाच्या म्हातारीची आहे. तिचं वय मला माहीत नाही, आणि विचारायची हिंमत होत नाही.