गोंड्यातला टॅग

दुकानाच्या दारात ते दोन पांढरे खांब बसवले, त्या दिवशी मी सोळा वर्षांत पहिल्यांदा मालकांशी वाद घातला.

बेळगावच्या बाजारात त्यांचं साड्यांचं दुकान आहे. तिथं आम्ही सहा बायका काउंटरवर असतो. मी वयानं सगळ्यांत मोठी, म्हणून मालकांपासून सगळे मला आक्का म्हणतात. लग्नसराईत गादीवर साड्यांचा ढीग पडलेला असतो, एकेका घरातली दहा-बारा माणसं समोर बसलेली असतात. अशा गर्दीत एखादी साडी जायची. मालकांनी आमच्यावर कधी संशय घेतला नाही. पण कपाटातली चळत कमी दिसली की ते नुसते गप्प उभे राहायचे आणि आम्ही सहाजणी एकमेकींकडं न बघता घड्या घालत बसायचो. संध्याकाळी घरी निघताना प्रत्येकजण आपली पर्स जरा उघडीच धरून दाराबाहेर पडायची. तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं.

म्हणून खांब बसणार असं कळलं तेव्हा मला बरंच वाटलं होतं. हुबळीहून एक माणूस आला. त्यानं दिवसभर तारा ओढल्या, जाताना आम्हाला समोर बसवून सगळं समजावलं. साडीला प्लास्टिकचा टॅग लावायचा. त्याची पिन कापडातून आरपार जाते आणि पाठीमागं अडकते. बिल झालं की काउंटरवरच्या चुंबकावर टॅग दाबला की पिन सुटते. टॅग न काढता कुणी खांबांमधून गेलं की भोंगा वाजतो. हे दाखवायला त्यानं समोरची रेशमी साडी उचलली आणि पदराच्या मधोमध पिन खुपसली.

माझ्या तोंडून निघून गेलं, "थांबा. ते काढा आधी."

त्यानं काढलं. मी साडी उजेडाकडं धरली. बारीक भोक दिसत होतं.

"काही होत नाही मॅडम, धागा बाजूला सरकतो," तो म्हणाला.

"सुती कापडात सरकतो. ह्यात तुटलाय."

मालक म्हणाले, "आक्का, एवढंसं भोक कोण बघतंय?"

"गिऱ्हाईक घरी जाऊन बघतंय. आणि विणणारा तर आधी बघतोय."

ते चिडले. एवढा खर्च करून खांब बसवले, आता साडीला टॅगच लावायचा नाही का, असं म्हणाले. त्यांचंही चुकीचं नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या, आणि एक टॅग पर्समध्ये टाकून वडगावला घरी आले.

आमचं घर मागाचं. पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम आहेत, माझा थोरला भाऊ, अण्णा, ते चालवतो. त्याच्या काही साड्या आमच्याच दुकानात येतात. वडिलांच्या हाताखाली आम्ही दोघंही शिकलो. पण मागाच्या आवाजानं माझं डोकं धरायचं, म्हणून मी विकायच्या बाजूला गेले. अण्णानं तो टॅग हातात घेऊन बराच वेळ उलटसुलट केला. पिन बोटाला टोचून बघितली. मग एका तयार साडीचा पदर मांडीवर घेऊन बसला.

"कापडातनं कशाला घालतासा?" तो म्हणाला. "गोंड्यातनं घाला की."

पदराच्या टोकाला सुटे धागे असतात, त्यांना पीळ देऊन, गाठी मारून गोंडे बांधतात. आमच्याकडं ते काम वहिनी करते. अण्णानं दोन गोंड्यांच्या गाठींच्या वरच्या फटीतून पिन घातली आणि टॅग लावला. ओढून बघितलं. घट्ट होता. कापडाला कुठं धक्का नव्हता.

वहिनी म्हणाली, "चोरणारीनं कात्रीनं गोंडाच कापला तर?"

"गोंडा कापलेली साडी नेसून कुठं जाणार ती?" अण्णा म्हणाला. वहिनीला ते पटलं. तरी तिनं दोन गोंडे एकत्र बांधून मधे एक जास्तीची गाठ मारून दाखवली, म्हणजे पिन हलणार नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांना दाखवलं. त्यांनी स्वतः ओढून बघितलं, खांबांमधून नेऊन भोंगा वाजवून बघितला आणि म्हणाले, "असंच करू." आठवड्याभरात सगळ्या भारी साड्यांना टॅग लागले. महिनाभर एकही साडी गेली नाही. संध्याकाळी आम्ही पर्सची चेन लावून घरी जायला लागलो.

मग सदलग्याच्या आजी आल्या.

नातीच्या लग्नाचा बस्ता होता. सकाळी दहाला जीप भरून माणसं आली. आजी, त्यांचा मुलगा, सून, नवरीमुलगी आणि पाहुणेमंडळी. आजी गादीच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या आणि सगळ्यांच्या साड्यांवर मत देत राहिल्या. स्वतःसाठी काही नको म्हणत होत्या. अगदी उठायच्या वेळी नातीनं हट्ट धरला आणि एक मोरपंखी साडी त्यांच्या मांडीवर ठेवली. आजी लाजल्या, पण साडीवरून हात फिरवत राहिल्या. मी ती साडी बिलाला लावली. बाकीचे गठ्ठे बांधून झाले होते, म्हणून घडी घालून ती त्यांच्याच कापडी पिशवीत ठेवली.

दोन मिनिटांनी भोंगा वाजला.

दारावर राखणीला एकजण असतात, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. ते पलटणीतून निवृत्त झालेले, अजून ताठ चालतात. भोंगा वाजताच त्यांनी पुढं होऊन आजींची पिशवी धरली. "पिशवी दाखवा," म्हणाले. दुकान भरलेलं होतं. सगळ्या माना दाराकडं वळल्या.

आजींनी पिशवी त्यांच्या हातातून सोडवून घेतली. परत आत आल्या, गादीवर बसल्या आणि पिशवीतली एकेक वस्तू काढून मांडायला लागल्या. चष्म्याची डबी. गोळ्यांचं पाकीट. पानाची चंची. मिठाईच्या दुकानातला कुंद्याचा पुडा. शेवटी ती मोरपंखी साडी.

"बघा," त्या म्हणाल्या, "समदं बघा. न्हायतर घरला गेल्यावर म्हणशीला."

आवाज चढलेला नव्हता. रिकामी पिशवी त्यांनी उलटी करून झटकली.

मी साडी उलगडली. गोंड्यात टॅग तसाच होता. कापडाच्या मधे लावला असता तर घडी घालताना हाताला लागला असता. गोंड्यातला टॅग घडीच्या पोटात दडून गेला होता, आणि शेवटच्या घाईत मी तो बघितलाच नव्हता. आमची युक्ती आमच्याच अंगाशी आली होती.

टॅग तसाच हातात धरून मी उभी राहिले आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलले, "ही माझी चूक आहे. आजींनी साडी घेतली, बिल केलं. टॅग काढायचं काम माझं होतं, ते माझ्याकडनं राहिलं."

आजींचा मुलगा संतापला होता. "समदा बस्ता परत घ्या. दुसरीकडं जातो आम्ही." मालक धावत आले, हात जोडले. मामाही आले. त्यांनी टोपी काढून हातात धरली होती. "आई, माझा हात लागला तुमच्या पिशवीला. चुकलं माझं."

आजींनी चष्म्याची डबी परत पिशवीत ठेवली. "हात लावायच्या आधी तोंडानं इचारायचं असतंय," त्या म्हणाल्या. "तुमी इचारलं असतं तर मी माघारी आली असती की."

मग त्या मुलाला म्हणाल्या, "बस खाली. पोरीनं पसंत केल्यात साड्या. दुसऱ्या दुकानात काय येगळ्या असत्यात व्हय?" मुलगा बसला नाही, पण बाहेरही गेला नाही.

मोरपंखी साडी त्यांनी माझ्याकडं सरकवली. "ही मला नको. दुसरी दे."

मला समजलं, ती साडी नेसताना दर वेळी त्यांना तो भोंगा आठवला असता. मी कपाटातून चार-पाच काढल्या. त्यांतल्या एका जांभळ्या काठाच्या साडीवर त्यांचा हात थांबला.

"ही कुठली गं?"

"वडगावची. माझ्या भावानं विणलीया."

"आणि हे गोंडं?"

"वहिनीनं बांधल्यात."

त्यांनी ती घेतली. टॅग चुंबकावर कसा सुटतो ते दाखवत मी तो त्यांच्या समोरच काढला. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "लई बारीक काम हाय." टॅगला म्हणाल्या की गोंड्याला, ते मी विचारलं नाही. जाताना मामांनी खांबांच्या बाजूला उभं राहून त्यांना वाट करून दिली. मुलगा मात्र कुणाशी न बोलता जीपमध्ये बसला.

त्या दिवसानंतर दुकानात दोन गोष्टी बदलल्या. टॅग लावलेल्या प्रत्येक साडीच्या घडीतून आम्ही लाल दोऱ्याचं टोक बाहेर सोडायला लागलो. दोरा दिसला की टॅग आहे. दुसरी गोष्ट मामांनी स्वतः ठरवली. भोंगा वाजला की पिशवीला हात लावायचा नाही, म्हणायचं, "आमचा टॅग काढायचा राहिला वाटतं, जरा आत येता का?" हे त्यांनी आमच्याकडून मराठीत, कानडीत आणि हिंदीत घटवून घेतलं. सकाळी गिऱ्हाईक नसताना ते आरशासमोर उभे राहून कानडीत म्हणायचे, "नम्म टॅग तगियोदु उळदैति, स्वल्प वळग बर्री." आवाज इतका कडक, की आमच्यातली एक म्हणाली, "मामा, कवायतीवर बोलवतासा व्हय?" त्यावर ते हसले आणि पुन्हा हळू आवाजात म्हणायला लागले.

गेल्या दिवाळीच्या आधी भोंगा पुन्हा वाजला. चांगल्या घरची, चाळिशीची बाई होती. मामांनी आपलं वाक्य म्हटलं. बाईनं पर्स घट्ट धरली. मी पुढं झाले आणि तिला ब्लाउजपीसच्या आतल्या खोलीत नेलं. तिच्या हातातल्या मोठ्या पर्समध्ये दोन साड्या होत्या, आणि त्यांचं बिल झालेलं नव्हतं हे मला माहीत होतं. तिनं दोन्ही काढून टेबलावर ठेवल्या.

"चुकून आल्या," ती म्हणाली.

"व्हय, गर्दीत असं होतं," मी म्हटलं. पाण्याचा ग्लास दिला. तिनं तो दोन्ही हातांनी धरून रिकामा केला. मी दार उघडलं आणि ती सरळ निघून गेली.

खांबांबरोबरच बसवलेल्या कॅमेऱ्यात मालकांनी सगळं बघितलं होतं. ते आत आले. "सोडलीस व्हय आक्का?"

"साड्या परत आल्या की."

"उद्या दुसऱ्या दुकानात जाईल ती."

मी रिकामा ग्लास विसळायला उचलला. पोलिसांना बोलवायला हवं होतं असं आमच्यातल्या दोघी आजही म्हणतात. मला एवढंच ठाऊक आहे की त्या पाण्याच्या ग्लासाचा मला पश्चात्ताप झाला नाही. त्या दिवशी मालकांनी दोन्ही साड्या स्वतः घडी घालून कपाटात ठेवल्या आणि चहा सांगितला. सगळ्यांसाठी, मामांसकट.

खिडकीतून बाजार दिसत होता. आकाशकंदील टांगायला लोक शिड्या लावत होते. आमच्यातली एक नव्या साड्यांचा गठ्ठा सोडत होती. मी तिच्या शेजारी बसून पिना उचलून द्यायला लागले, आणि चहा येईपर्यंत आमचे पंधरा साड्यांना टॅग लावून झाले.