लाल दोरा नव्हता

सेलूच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात आमचा एल्बो पहिल्याच दिवशी फुटला. तुकडे गोळा करून परभणीला आमच्या शेडवर आणले, तर आमचे मालक दारातच उभे. "काय करून ठेवलंत हो हे?"

एल्बो म्हणजे कापूस हवेनं ओढून नेणाऱ्या पाईपचं वळण. लोखंडी एल्बोला खडा घासला की ठिणगी उडते, अन् कापसात ठिणगी म्हणजे संपलंच. म्हणून आम्ही तो फायबरचा केला. साच्यावर काचेच्या धाग्यांची चटई अंथरायची, वरून ब्रशनं रेझिन, म्हणजे पातळ प्लास्टिक, लावायचं. झाला एक थर. असे सहा. आता प्लास्टिकचे थर आपोआप चढवणारी मशीनं निघालीत म्हणे. आमच्याकडे तेव्हा काशिनाथ होता.

रेझिन घट्ट होताना तापतं. म्हणून तीन थर झाले की काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं. काशिनाथची स्वतःची एक रीत होती. मोजायला प्रत्येक थरात एक पांढरा दोरा पुरायचा, आणि जिथं काम थांबलं तिथं लाल. फायबरमधून दोरे बाहेरून दिसायचे. ही खूण शेडमध्ये फक्त आम्हा दोघांना ठाऊक होती.

हा एल्बो केला तेव्हा मे महिना होता. तिसरा थर झाल्यावर तो म्हणाला, "साहेब, हात लावून बघा. लय तापलंय. आज इथंच थांबू."

"उद्या गाडी भरायचीय. सगळे थर आजच मार." मालकांना तारीख मीच दिली होती, छाती ठोकून.

"फुटंल, साहेब."

"मला शिकवू नको."

त्यानं मारले.

"हार्डनर जास्त पडला का?" फुटलेल्या तुकड्यांकडं बघत मालक मला विचारत होते. हार्डनर म्हणजे रेझिन घट्ट करणारं औषध. ते मोजून टाकायचं काम काशिनाथचं.

"तसंच दिसतंय," मी म्हणालो.

काशिनाथनं एक तुकडा उचलून माझ्यापुढं धरला. सहा पांढरे दोरे. लाल एकही नाही. "साहेब, मालकाला तुमीच सांगा, लाल दोरा का न्हाई ते."

एक वाक्य बोलायचं होतं. जीभ झडली नसती माझी.

"दोऱ्याचं काय घेऊन बसलास?" मी म्हणालो.

"उद्यापासून येऊ नको," मालक त्याला म्हणाले. त्यानं तुकडा खाली ठेवला, हात पुसले अन् गेला.

दुसरा एल्बो मी दोन दिवस घेऊन करवला. टिकला. शाबासकीही मिळाली, आणि मी ती निर्लज्जासारखी घेतली.

दिवाळीनंतर चुडाव्याला त्याच्या घरी गेलो. भाऊ भेटला. "नवराबायको दोघंबी ऊसतोडीला गेलेत," तो म्हणाला. "तुमी फायबरचे साहेब का? बसा की. तुमच्याकडं काम शिकला म्हणून लय सांगायचा. च्या ठेवायला सांगतो."

मला तिथं बसवेना. चहा न घेताच निघालो.

फायबरचं काम सोपं आहे. थर तापला की थांबायचं. हे मला काशिनाथनं वेळेवर सांगितलं होतं. त्यानं सांगितलं होतं, हे मात्र मी आज पहिल्यांदाच सांगतोय.