ह्यांचा फ्रेंच प्रेस मी दिला नाही

नळ आला होता आणि मी ह्यांच्यावर ओरडत होते.

देवपुरात नळ इतक्या दिवसांनी येतो, की आला की बाकी सगळी कामं बाजूला. मी ड्रम भरतेय, आणि हे स्वयंपाकघरात काचेच्या भांड्यासमोर घड्याळ धरून उभे.

"अहो, पाइप धरा!"

"थांब गं. अजून दोन मिनिटं आहेत."

"नळ थांबणारे का तुमच्या कॉफीसाठी?"

शेवटी एका हातात पाइप, एका हातात घड्याळ. ड्रम वाहिला, ह्यांची पँट भिजली.
कॉफी मात्र बरोबर चार मिनिटांनी कपात.

त्याच आठवड्यात हे गेले. आज वर्ष झालं.

हा फ्रेंच प्रेस, म्हणजे ते कॉफीचं काचेचं भांडं, मुलीने पुण्याहून आणला होता. पहिल्या दिवशी मी त्यात चहासारखं उकळतं दूध, साखर, पावडर सगळं एकदम टाकलं. जाळीला साय बसली, दांडा खाली जाईना. मी जोर लावला, तर कॉफी थेट कॅलेंडरवर.

हे हसून हसून खाली बसले. मग दाखवलं. जाडसर पावडर, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं, मग हळूच दाबायचं.

नुसतं थांबणं ह्यांना जमायचं नाही. म्हणाले, "तोवर तू वाच. मोठ्याने."

माझी शाळा सातवीत सुटली. त्यानंतर वाचलं ते पुडीचे कागद आणि जुने पेपर, तेही मनात. आता रोज चार मिनिटं पुस्तक.
अडले तर हे सांगायचे नाहीत. "तूच लाव."
आधी अर्धं पान व्हायचं. मग एक. मग दोन.
अकरा वर्षं.

तेराव्याला शय्यादान होतं. गादी, छत्री, चपला, तांब्या. गेलेल्या माणसाला पुढे लागतं, म्हणून दान द्यायचं. त्या सामानात मला प्रेस दिसला. मोठ्या नणंदेने, आमच्या अक्कांनी, ठेवला होता.

मी उठले आणि उचलला.

"ठेव ते," अक्का म्हणाल्या. ह्यांना त्या नाना म्हणायच्या. "नानानं आवडतं भांडं शे. जाऊ दे त्याना संगे."

"नाही."

"शोभा, बठ्ठा लोके देखी ऱ्हायनात!"

"देखू द्या. गादी द्या, छत्री द्या. हे माझं आहे."

मागून कुणीतरी म्हणालं, हिला नवऱ्यापेक्षा भांड्याचं दुःख जास्त.
ज्यांना तसं वाटलं, त्यांना अजूनही वाटू दे. मी खुलासा देणार नाही.

अक्का एवढंच म्हणाल्या, "मंग सव्वा महिना भायेर तरी दिखू नको."

अहो, छत्री मिळाली असेल. प्रेस मिळणार नाही. नमस्कार करते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एका कपाची कॉफी केली, बाहेर ओट्यावर येऊन बसले आणि सगळी प्याले.