आप्पांनी बांधून ठेवलेलं पुढचं पुस्तक

आधीच सांगते, माझ्या घरात लिंबू फक्त वरणावर पिळतात. दारावर टांगत नाहीत. मी प्राथमिक शिक्षिका आहे, नवरा शहाद्याला औषधांच्या दुकानात आहे आणि दोघांचाही असल्या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही. या सदरातले अनुभव मी चहाबरोबर वाचते आणि नवऱ्याला वाचून दाखवून हसते. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसलेय याची मला थोडी लाजच वाटतेय... पण लिहिलं नाही तर एका माणसाचे आभार मानायचे राहतील, म्हणून लिहिते.

माझं माहेर प्रकाशा. गावातलं वाचनालय म्हणजे बसस्टँडमागची एक पत्र्याची खोली — दोन खिडक्या, पाच कपाटं, पेपर वाचायला एक लांब बाक. तिथे ग्रंथपाल होते आप्पा. कडबा कापायच्या यंत्रात त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. उरलेल्या तीन बोटांनी ते लिहायचे, शिक्के मारायचे आणि पुस्तकं बांधायचे.

हे बांधणं त्यांचं खास होतं. कोणत्या मुलाला पुढचं पुस्तक कोणतं द्यायचं हे तेच ठरवायचे, आणि त्या दिवशीच्या पेपरात ते गुंडाळून वर नाव लिहून ठेवायचे. घरी जाऊन उघडायचं, आधी नाही. दोरा नाही, डिंक नाही... फक्त घड्या. शेवटची घडी ते अंगठ्याने डावीकडून आत खोचायचे, कारण दुसरीकडून त्यांना जमायचंच नाही. कागद न फाडता ती घडी सोडवण्यात मी पटाईत झाले होते.

पण पुढचं पुस्तक मिळवायला एक अट होती. आधीचं पुस्तक त्यांना सांगायचं, आणि तेही आपल्या अहिराणीत. मी सात वर्षांची असताना शाळेत तोंडच उघडत नव्हते. पुस्तकातल्यासारखं बोलता येत नाही म्हणून सगळे हसायचे. पहिल्या दिवशी मी त्यांच्याही टेबलासमोर मुकी उभी राहिले, तेव्हा ते मान खाली घालून म्हणाले, "तुन्ही बोलीमा सांग बेटी. पुस्तकनी भाषा पुस्तकमाच ऱ्हाऊ दे."

मी सांगायला लागले की ते रजिस्टर उघडून लिहीत बसायचे. वर बघायचेसुद्धा नाहीत. मला वाटायचं, यांचं ऑफिसचं काम चाललंय, लक्षच नाही आपल्याकडे. पण कोणी बघत नाही म्हणूनच बहुतेक, मला बोलायला सोपं जायचं. दहा वर्षं मी अशी बडबडले. त्या बडबडीवर बारावी झाले, डी.एड.ला नंबर लागला.

नंदुरबारला हॉस्टेलवर जायच्या आदल्या दिवशी त्यांनी शेवटचं पुस्तक दिलं. दीपगृहाच्या राखणदाराची मुलगी आणि तिचा एकटेपणा, अशी काहीतरी गोष्ट होती. म्हणाले, हे वाचून ये, मग पुढचं देईन. मी वाचलं. पण सबमिशन, परीक्षा, आज जाऊ उद्या जाऊ... आणि मधेच आप्पा गेले. मला कळलं तेव्हा दहावंसुद्धा होऊन गेलं होतं.

मी गावी आले तर वाचनालयाला कुलूप. पुस्तक आप्पांच्या घरी दिलं आणि भर दुपारी तापीच्या घाटावर जाऊन बसले. घाटावर चिटपाखरू नव्हतं, पाण्यात एक म्हैस तेवढी डुंबत होती. आणि मी, एकोणीस वर्षांची घोडी, मोठ्याने ती अख्खी गोष्ट सांगितली. अहिराणीत. शेवटी आभार मानले, रडले आणि बसने परत गेले. हे मी कोणालाही सांगितलं नव्हतं. आईला नाही, नवऱ्याला नाही. सांगण्यासारखं त्यात होतं तरी काय?

आता गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. माझी शाळा मोलगीच्या पुढे आहे. मोलगीपर्यंत जीप, पुढे पाऊण तास पायी. माझ्या तिसरीच्या वर्गात रमिला नावाची मुलगी आली. घरची बोली पावरी. चार महिने झाले, वर्गात तिने एक शब्द उच्चारला नव्हता. मी तिच्यामागे हात धुऊन लागले होते — पूर्ण वाक्यात बोल, शुद्ध बोल, मोठ्याने बोल. ती पाटीकडे बघत राहायची. बाजाराच्या दिवशी मोलगीत तिचे वडील भेटले. होळीनंतर घरचे सगळे मजुरीला गुजरातकडे निघणार होते. ते शांतपणे म्हणाले, "बाई, ती शाळेत बोलत नाही. मग बसून काय करेल? धाकट्याला सांभाळायला तिला घेऊन जातो." त्यांचं म्हणणं मलाही पटत होतं.

त्याच आठवड्यात बदलीचे फॉर्म निघाले. शहाद्याजवळ जागा होती, नवराही म्हणत होता, पुरे झाली डोंगरातली पायपीट. मी फॉर्म भरला, फक्त द्यायचा बाकी होता. सोमवार शेवटचा दिवस. रविवारी सकाळी आईला भेटायला प्रकाशाला गेले आणि भाजी घेऊन येताना, का कोण जाणे, वाचनालयात शिरले.

सव्वाआठ वाजले असतील. तिथे आता मनीषा बसते, चांगली मुलगी आहे. आठला कुलूप उघडून ती पेपर बाकावर लावत होती. मी उगाच कपाटांमधून फिरले. आप्पा बांधलेली पुस्तकं ज्या फळीवर ठेवायचे, ती आता रिकामीच असते. त्या फळीवर एक पुडकं होतं. पेपरात गुंडाळलेलं. वर निळ्या शाईत माझं नाव — लग्नाआधीचं.

मी पुडकं उलटं केलं. शेवटची घडी डावीकडून खोचलेली होती.

मनीषाला विचारलं, हे कोणी ठेवलं. ती येऊन बघून गोंधळली. "ताई, मीच कुलूप उघाडं. आठे कोणीच उनं नही." इथे कोणी आलंच नव्हतं म्हणे. मग तिचं लक्ष पेपरकडे गेलं. पुडक्याचा कागद त्याच रविवारच्या पेपरचा होता. तिने बाकावरचा पेपर उलगडून पाहिला तर त्यातलं मधलं पान नव्हतं. पंधरा मिनिटांपूर्वी तो पेपर तिने स्वतः विक्रेत्याच्या हातून घेतला होता.

मी घरी जाऊन उघडायचा नियम पाळला. आईच्या स्वयंपाकघरात, खाली बसून, कागद न फाडता घडी सोडवली. आत पुस्तक नव्हतं. जुनी, पिवळी पडलेली, लांब रजिस्टरसारखी वही होती.

पहिल्या पानावर माझं नाव आणि खाली — मी सात वर्षांची असताना सांगितलेली पहिली गोष्ट. शब्द न् शब्द, माझ्या अहिराणीत. मधेमधे कंसात आप्पांच्या नोंदी: पाणी प्यायली. इथे हसली. विसरली, आठवू दिलं. प्रत्येक गोष्टीखाली तारीख आणि एकच शब्द, "ऐकलं." दहा वर्षांच्या गोष्टी होत्या त्या. म्हणजे ते रजिस्टर कधी भरतच नव्हते... माझंच बोलणं लिहून घेत होते. आईने विचारलं काय झालं, तर मी पहिलं पान तिच्यापुढे धरलं.

इथपर्यंत कोणी म्हणेल, वही कुणाला तरी सापडली आणि त्याने ठेवली. मीही तेच म्हणत पानं उलटत होते. मग शेवटचं लिहिलेलं पान आलं.

त्यावर दीपगृहाची गोष्ट होती. आप्पांना मी कधीच न सांगितलेली, घाटावर सांगितलेली. समुद्र मी तोवर पाहिलेला नव्हता, म्हणून त्या दुपारी मी माझ्या मनाने सांगितलं होतं, "तापीसारखंच पानी, पन पल्याडना काठच नही." ते तसंच लिहिलेलं होतं. पुढे कंसात नोंद: म्हैस बाहेर आली, पोरगी थांबली. खरंच थांबले होते मी, ती पायऱ्या चढून माझ्या अंगावरच येत होती. आणि सगळ्यात शेवटी माझं वाक्य — "आप्पा, तुम्ही माले बोलतं करं." त्याखाली तारीख नव्हती. तेच तीन बोटांचं तिरकं अक्षर होतं: ऐकलं.

मी खूप रडले. भीतीने नाही, हे मुद्दाम सांगते. वीस वर्षं मला वाटत होतं की माझे आभार पोचले नाहीत.

सोमवारी फॉर्म दिला नाही. वर्गात नवी वही घेऊन बसले आणि मुलांना म्हटलं, कोणाला काही सांगायचं तर सांगा, आपापल्या बोलीत. मी माझं रजिस्टर भरतेय. चुरुचुरु बोलणारे आधी आले. रमिला सोमवारी टेबलापाशी आली नाही, मंगळवारी नाही. गुरुवारी दुपारच्या जेवणानंतर टेबलाच्या कडेला येऊन उभी राहिली. मी वर बघितलं नाही, फार कष्टाने बघितलं नाही. आणि ती बोलायला लागली... पावरीत, हळूहळू. शेळी डोंगरावरच व्याली, दोन करडं झाली, एक हिने फडक्यात बांधून घरी आणलं. मला पुरतं कळत नव्हतं, जे ऐकू येत होतं ते लिहीत गेले. एका ठिकाणी पेन अडकलं तर ती थांबली आणि मराठीत म्हणाली, "लिवा ना बाई."

होळीनंतर तिचे वडील गुजरातला गेले, पण रमिला आजीजवळ राहिली. निघताना ते शाळेत सांगायला आले होते. ती घरी येऊन रोज विचारते, उद्या बाईंना काय सांगू, असं म्हणाले.

वही कोणी ठेवली, पेपरचं पान कोणी काढलं, घाटावरचं कोणी ऐकलं, मला ठाऊक नाही. नवऱ्यानेही दोन-चार तर्क काढले, मग त्या म्हशीपाशी येऊन अडला. आप्पांची घडी मी पुष्कळदा करून पाहिली, मला डावीकडून खोचता येत नाही. आता शोधणं सोडून दिलंय. एवढंच सांगते की रमिलाची शेळीची गोष्ट संपली तेव्हा मी खाली तारीख घातली, आणि हात आपोआप पुढे सरकला तसा शब्द लिहिला — ऐकलं.