भिंतीवरचा एप्रिल

घरात आले की ते आधी भिंतीला हात लावत. तळहात नाही, उलटा हात. तापलेल्या लेकराच्या कपाळाला लावतो ना आपण, तसा. मग म्हणत, "ठीक हाय हिचं." चहा त्यानंतर.

तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा मिस्त्री, हातापेक्षा डोळ्यांनी जास्त काम करणारा. आमच्या ह्यांचे ते शाळेतले सोबती, म्हणून मी त्यांना भाऊजी म्हणायची.

हे निवृत्त झाले आणि शहरातला, प्रताप नगरचा फ्लॅट मुलाला देऊन उमरेडजवळच्या आपल्या गावी कायमचं राहायचं, असं ह्यांच्या मनाने घेतलं. म्हणून तो सगळा हिवाळा आम्ही तिथलं घर दुरुस्त करण्यात काढला. हे सकाळीच मफलर बांधून दारं घासायचे, मी चुना कालवायची, भाऊजी मोरीत फरशी बसवायचे. गावापलीकडे कोळशाची खाण. दुपारी भोंगा व्हायचा, मग सुरुंग उडायचे आणि माझे फळीवरचे डबे थरथरायचे.

मधल्या खोलीत, ह्यांच्या पलंगाच्या उशाशीच, भिंतीला भेग होती. ह्यांना ती बुजवायची घाई. भाऊजी ऐकेनात.

"पुट्टी मारली त दिसन नाही गा, पण भेग त राहीनच."

त्यांनी माझ्याकडून कणकेची खळ शिजवून घेतली, जुन्या कॅलेंडरची पट्टी कापली आणि भेगेवर आडवी चिकटवली. पट्टी फाटली तर समजायचं, भिंत सरकून राहिली. मग खोली पाडायची. "पाहू, कागद काय म्हणते."

झालं. भोंगा वाजला की पोळी तव्यावर सोडून मी मधल्या खोलीत. हे हसायचे मला. हसा म्हटलं, झोपता तुम्हीच तिच्याखाली.

संक्रांतीच्या आधी एका दुपारी पट्टी फाटली. बरोब्बर मधोमध. हे अंगणात खिडकीला रंग देत शीळ घालत होते. चाळीस वर्षांच्या संसारात मी ह्यांची शीळ ऐकली नव्हती हो. काय करू? मुकाट्याने खळ शिजवली, दुसरी पट्टी कापली आणि लावून टाकली.

संध्याकाळी भाऊजी आले. उलटा हात लावून पट्टीकडे पाहत राहिले. मग ह्यांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "वहिनी, मी त एप्रिल लावला होता. हा ऑगस्ट कुठून आला वं?"

त्यांनी बाहेर जाऊन ह्यांना एवढंच सांगितलं, "पलंग समोरच्या खोलीत घे गा. मधलीत लय थंडी हाय." आणि स्वतःच एका बाजूने उचलायला लागले.

दुसऱ्या दिवशी मीच ह्यांना सगळं सांगून टाकलं. खोली पाडली. शीळ पुन्हा काही ऐकू आली नाही, पण आम्ही तिथे राहतो, समोरच्या खोलीत.

पावसाळ्यात भाऊजींचा दमा वाढला. लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली आणि ते तिकडेच वारले. दिवाळीनंतर तिने मला त्यांच्या घराची किल्ली पाठवली, बाबांची हत्यारं तेवढी काढून ठेवा म्हणून.

मी आत गेले. खाटेच्या उशाशी भेग, आणि भेगेवर कॅलेंडरच्या पट्ट्या. एकीवर एक. एप्रिल, जून, ऑगस्ट, पुन्हा एप्रिल. सगळ्यात वरचीसुद्धा मधोमध फाटलेली.

आमचा पलंग हलवणाऱ्या माणसाने आपली खाट तिथून हलवली नव्हती.

हत्यारं गोळा केली. निघताना मी भिंतीला उलटा हात लावला. गार होती. "ठीक हाय हिचं" काही माझ्या तोंडून निघालं नाही.