पिराजी मास्तरांची साक्ष

खरं बोलणाऱ्याच्या पाठीशी देव असतो, असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पिराजी मास्तर खरं बोलले तेव्हा त्यांच्या पाठीशी एक कारकून तेवढा होता, आणि तो बिचारा मागून त्यांचा सदरा ओढत होता. "मास्तर, हे नको. हे नका सांगू." पण ऐकलं असतं तर ते पिराजी मास्तर कसले!

मास्तर खानापूरकडच्या रानातले. बोरीची वाडी म्हणून अकरा घरांची वस्ती, सगळी ख्रिस्ती. तिथली मिशनची शाळा म्हणजे एक खोली, एक फळा आणि पिराजी मास्तर. आठवडाभर पोरांचे पाढे घ्यायचे आणि रविवारी त्याच खोलीत थोरांना शुभवर्तमान वाचून दाखवायचं. चार शब्द उपदेशाचे बोलायलाही मुभा होती. पण बाप्तिस्मा देणं आणि प्रभुभोजन वाढणं, म्हणजे प्रभूच्या नावानं भाकर मोडून आणि प्याला फिरवून मंडळीला देणं, हे काम दीक्षा घेतलेल्या पाळकाचं. दुसऱ्या कुणी त्याला हात लावायचा नाही. पाळक राहायचे बेळगावला आणि वाडीत यायचे वर्षातून एकदा, सुगी आटोपल्यावर. मधल्या दिवसांत वाडीनं काय करायचं? वाट बघायची. मरणाऱ्यानंसुद्धा!

एकोणपन्नास सालच्या श्रावणात मास्तरांच्या सासूनं, भागुबाईनं, अंथरूण धरलं. म्हातारी काटक, पण छातीत कफ भरला आणि दोन दिवसांत तिची काडी झाली. "मास्तर, प्रभुभोजन घेतल्याबिगार मी जायची न्हाई," म्हणून हटून बसली. जावयालाही ती मास्तरच म्हणायची. पाळकांना आणायला माणूस धाडला, तो नदीवरूनच परत आला. मलप्रभेला पूर होता आणि नाव बंद होती. म्हातारीचा जीव घुटमळत राहिला, डोळे दाराला लागलेले.

तिसऱ्या दिवशी दुपारी मास्तर उठले. चुलीपाशी नाचणीची भाकरी होती ती घेतली. वाटीत आमसुलं कुस्करून तांबडं पाणी केलं, कारण द्राक्षरस कुठला आणायचा, वाडीत कुणी उभ्या जन्मात द्राक्षं पाहिली नव्हती. त्यांनी प्रार्थना केली, शास्त्रातले शब्द म्हटले आणि भाकरी मोडली. घरात जमलेल्या अकराजणांनाही दिली. एकट्या म्हातारीला कसं वाढायचं? मास्तरांच्या बायकोनं, चंद्राबाईनं, आईच्या तोंडाला वाटी लावली. म्हातारी दोन घोट प्याली. "आता मोकळी झाले," म्हणाली आणि दिवस मावळायच्या आत गेली.

मास्तर परसात जाऊन रडले. आपण चोरून वाढलं ही टोचणी एकीकडे, आणि दुसरीकडे असं वाटत होतं की याच्यासाठीच आपला जन्म आहे. हेच काम उजळ माथ्यानं करता आलं पाहिजे. वाडीतल्या माणसाला पुन्हा असं दाराकडे बघत पडून राहावं लागता कामा नये. त्या दिवशी प्रभूनं आपल्याला बोलावलं, याबद्दल पिराजी मास्तरांच्या मनात कधी तिळमात्र शंका आली नाही.

बोलावणं देवाचं आलं, तरी पाठवणारी माणसंच ना! मास्तर दर वर्षी अर्ज करायचे, मला धर्मशास्त्र शिकायला पाठवा. दर वर्षी उत्तर यायचं की सातवी पास माणसाचं तिथं काम नाही. अशी सात वर्षं गेली. मग छप्पन्न साली राज्यांच्या सीमा हलल्या, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, आणि मंडळीतल्या कुणाच्या तरी ध्यानात आलं की आता मराठी आणि कानडी दोन्ही बोलणारे पाळक लागतील. मास्तरांना कानडी बोलता येत होतं, वाचता येत नव्हतं. ते कुणी विचारलं नाही आणि मास्तरांनीही, एकदाच आयुष्यात, तोंड मिटून धरलं. अर्ज मंजूर झाला.

वाडी निरोप द्यायला ओढ्यापर्यंत आली. शेजारची कस्तुराबाई नातीला कडेवर घेऊन उभी होती. म्हणाली, "हिचा बाप्तिस्मा तुमच्याच हातनं व्हायचा. तवर थांबतो आम्ही."

सत्तावन्नच्या जूनमध्ये नवरा-बायको बंगळूरला उतरले आणि ट्रंक, वळकटी घेऊन घोड्याच्या जटक्यानं कॅन्टोन्मेंटातल्या धर्मशास्त्राच्या विद्यालयात आले. दगडी इमारत, पुढं मोठमोठी झाडं. बाकीचे नवे विद्यार्थी वीस-बावीस वर्षांचे, मास्तर एकोणचाळीस. पहिल्या दिवशी एका मल्याळी पोरानं त्यांना माळी समजून पाणी कुठं मिळेल म्हणून विचारलं. मास्तरांनी हसून पाणी आणूनही दिलं. त्यांना स्वयंपाकघरामागची खोली मिळाली आणि चंद्राबाई भटारखान्यात तांदूळ निवडायला लागली.

आता तिथली रीत अशी, की प्रभूनं आपल्याला कसं बोलावलं हे प्रत्येक नव्या विद्यार्थ्यानं आधी समितीपुढं सांगायचं आणि मग रविवारी देवळात सर्वांपुढं. याला म्हणायचं साक्ष. साक्षी एकाहून एक! एक जण विहिरीत बुडता बुडता वाचला होता. एकाची दारू सुटली होती. एकाला तर शेंगदाण्याच्या पुडीच्या कागदावर शुभवर्तमान सापडलं होतं. समिती माना डोलवत होती आणि नावापुढं खूण करत होती.

मास्तरांची पाळी आली तेव्हा दुभाषी म्हणून कचेरीतले कारकून हयवदनराव आले. त्यांचं घर चिकपेटेतलं, शहाजीराजांच्या काळापासूनचं, कपाळावर गंध, घरात मराठी पण निम्मी कानडीत बुडवलेली. वीस वर्षं या कचेरीत काढल्यामुळे ख्रिस्ती मंडळीचे नियम त्यांना एखाद्या पाळकाहून जास्त पाठ होते.

मास्तर मराठीत सांगत होते आणि हयवदनराव इंग्रजीत. नदीचा पूर सांगून झाला, म्हातारी सांगून झाली. "मग मी भाकरी मोडली," मास्तर म्हणाले, आणि हयवदनराव चटकन त्यांच्या मागं सरकले. त्यांनी मागून सदरा ओढला. "मास्तर, स्वल्प थांबा. हे नको." मग समितीकडं वळून त्यांनी इंग्रजीत सांगून टाकलं, की यांनी म्हातारीसाठी प्रार्थना केली.

मास्तरांचं इंग्रजी बेताचंच. पण 'प्रेअर' आणि 'ब्रेड' यांतला फरक मिशनच्या मास्तराला कळणार नाही होय? "नाही हो रावसाहेब!" ते मोठ्यानं म्हणाले. "प्रार्थना तर केलीच. भाकरी मोडली ते सांगा ना. तिथंच तर मला बोलावणं आलं!" हयवदनरावांनी पुन्हा सदराच ओढला. तेव्हा मास्तरांनी आपले दोन हात पुढं केले आणि भाकरी मोडून दाखवली. "ब्रेड," म्हणाले. "आय गिव्ह."

समितीतल्या एकानं लेखणी खाली ठेवली. मधे बसलेल्या प्रिन्सिपॉलसाहेबांनी विचारलं, किती जणांना? मास्तरांनी अभिमानानं सांगितलं, म्हातारी धरून बारा.

साहेब मंगळूरकडचे, मऊ बोलणारे, दुष्ट मुळीच नव्हते. म्हणाले, "तुमचं मन मला कळतं. पण उद्या जो तो उठेल आणि भाकर मोडेल. मग दीक्षा कशाला आणि हे विद्यालय तरी कशाला?" त्यांनी तोड काढली. मास्तरांनी रविवारी देवळात सर्वांपुढं सांगावं, की मी केलं ते प्रभुभोजन नव्हतं, आणि ज्यांनी खाल्लं त्यांना भाकरीखेरीज काही मिळालं नाही. तेवढं सांगितलं की जागा पक्की. नाहीतर सोमवारची गाडी.

बाहेर आल्यावर हयवदनराव चवताळले. "अहो, मी नीट झाकत होतो, तुम्ही उघडून दाखवलंत! आपल्या हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतलात!" मास्तरांचा चेहरा बघून ते जरा नरमले. "आता म्हणून टाका ते चार शब्द. काठी मारल्यानं पाणी दुभंगत नाही. तुमच्या सासूबाई केव्हाच पोचल्या, त्यांना कोण परत आणतो? सरी?"

मास्तर 'सरी', म्हणजे बरं, म्हणाले नाहीत. तीन दिवस त्यांना अन्न गोड लागलं नाही. परत जावं तर वाडीला तोंड कसं दाखवायचं, आणि पुढं जो कोणी त्या दाराकडं बघत पडेल त्याला काय सांगायचं? राहावं तर हे बोलावं लागणार. त्यांना लाज वाटत होती आणि लाजेहून जास्त भीती वाटत होती, की पुन्हा ही संधी येणार नाही. चंद्राबाईला त्यांनी काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मुकाट्यानं ट्रंक भरली असती, आणि तेच त्यांना नको होतं. रविवारी नव्या मुलांसाठी मोठं जेवण असतं, ती भटारखान्यातच असेल, असा त्यांचा हिशेब.

पण भटारखान्यातल्या कानडी अक्कानं तिला हाकललं. नवऱ्याची साक्ष आहे आणि तू इथं कांदे चिरतेस? चंद्राबाई लग्नातलं हिरवं लुगडं नेसली आणि देवळात अगदी मागच्या बाकावर येऊन बसली. मास्तरांना ती दिसली ते उभे राहिल्यावर. ती कौतुकानं बघत होती.

तेव्हा थांबता आलं असतं. मास्तर थांबले नाहीत. "बोरीच्या वाडीत मी जे वाढलं," ते म्हणाले, "ते प्रभुभोजन नव्हतं. ती नुसती भाकरी होती आणि आमसुलाचं पाणी होतं. ज्यांनी ते घेतलं त्यांना काही मिळालं नाही." हयवदनरावांनी एकेक वाक्य इंग्रजीत केलं आणि या खेपेला अक्षर बदललं नाही. सव्वाशे माणसं बसली होती. त्यांतल्या दोघांनाच ते मास्तरांच्या तोंडून कळलं, एक हयवदनराव आणि दुसरी चंद्राबाई. मग सर्वांनी गीत म्हटलं आणि प्रिन्सिपॉलसाहेबांनी मास्तरांचा हात हातात घेतला.

मास्तर खोलीवर आले तेव्हा ती लुगडं सोडून घडी घालत होती. "आईला तुम्ही काय दिलंसा?" तिनं विचारलं.

"चंद्रे, तोंडानं बोललो ग. मनातून नव्हे. वाडीसाठी बोललो."

"वाटी मी धरली होती. मोकळी झाले म्हणाली ती. झाली का न्हाई, तेवढं सांगा."

झाली म्हणावं, तर तासापूर्वी देवाच्या घरात खोटं बोलल्याचं कबूल करायचं. नाही म्हणावं तर कुठल्या तोंडानं म्हणायचं? मास्तर ट्रंकेवर बसून राहिले. तिनं लुगड्याची घडी बाजूला ठेवली आणि कांदे चिरायला निघून गेली. पुन्हा तिनं हा विषय काढला नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं मास्तरांना पुढं कितीदा वाटलं.

चाळिशीत माणूस कानडी अक्षरं गिरवायला बसला. हयवदनराव रोज कचेरी सुटल्यावर व्हरांड्यात तासभर शिकवायचे. चार वर्षं मास्तर पोरांच्या मागं धापा टाकत धावले, दोनदा नापास झाले, आणि एकसष्ट साली त्यांना दीक्षा मिळाली. पांढरा झगा अंगावर आला. त्यांनी त्याच दिवशी वाडीला पत्र टाकलं, मी येतो.

उत्तर वाडीचं आलं नाही, मंडळीच्या कचेरीचं आलं. बोरीच्या वाडीला मागच्या वर्षीच एक तरुण पाळक नेमला आहे, तिथं सगळं ठीक चाललं आहे. यशवंतपूरच्या बाजारात सरहद्दीकडचे पुष्कळ हमाल आले आहेत, त्यांच्यासाठी आपण बंगळुरातच राहावं. मास्तरांनी अर्ज केले, साहेबांच्या पाया पडले. काही झालं नाही. नंतर कळलं की कस्तुराबाईच्या नातीचा बाप्तिस्माही त्या तरुण पाळकाच्या हातून झाला. बाई वाट बघून थकली असेल, तिला काय दोष द्यायचा? पण ज्या वाडीसाठी जीभ विटाळली ती वाडीच गेली. मास्तर त्या दिवशी मान खाली घालून बसले ते जेवायलाही उठले नाहीत.

यशवंतपूरला धान्याच्या वखारीमागं एक पत्र्याची खोली मिळाली. पिराजी पाळकांनी तिथं पहिल्यांदा प्रभुभोजन मांडलं तेव्हा चौदा माणसं चटईवर बसली होती, हमाल आणि त्यांच्या बायका. बेकरीची पांढरी भाकर होती, खरा द्राक्षरस होता, विद्यालयानं दिलेला प्याला होता. सगळं रीतसर, कुणी नाव ठेवावं असं काही नव्हतं. पाळक थाळी घेऊन एकेकापुढं वाकत बायकांच्या रांगेत आले. कडेला चंद्राबाई बसली होती. त्यांनी थाळी पुढं धरली. तिनं हात पुढं केला नाही.

"घे ना," ते पुटपुटले. "सगळी बघतायत."

चंद्राबाईनं वर बघितलं. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, आणि तेच त्यांना सोसवेना.

"मला मास्तरांनी दिलंय," ती म्हणाली. "आईबरोबर."

शेजारची बाई केव्हाची ओंजळ पसरून बसली होती. पाळकांनी तिला वाढलं.