नीसला पाठवलेलं पत्र

धर्मा गेल्याचं मला आगरदांड्याच्या धक्क्यावर कळलं. त्याचा पुतण्या होडीतून उतरला आणि म्हणाला, “मास्तर, काका गेलं.” दीड महिना झाला त्याला. अजून सोमवार आला की संध्याकाळी माझे कान त्याच्या खाकरण्याकडे लागतात...

दहा वर्षांपूर्वी मुंबईच्या एका आजारी शेठजींची चाकांची खुर्ची ढकलायला हा कोळी गडी थेट फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर गेला होता. हिवाळाभर मुक्काम नीसला, मधूनच माँटे कार्लो. शेठजींचा कारकून त्याची पत्रं लिहून द्यायचा आणि इकडे त्याच्या बायकोला, चंद्राला, मी ती वाचून दाखवायचो. संगमरवरी पायऱ्यांची हॉटेलं, समुद्राकडे तोंड करून चहा पिणाऱ्या मडमा, रस्ताभर फुलं... धर्माची तक्रार एकच, आणि कारकुनानं ती त्याच्याच शब्दांत उतरवली होती: “हितल्या दर्याला भरती न्हाय, सुकती न्हाय. बघून जीव घाबरतो.” मी खुळा त्या पत्रांची चंद्रापेक्षा जास्त वाट बघायचो.

माघात ती तापानं फणफणत माझ्या ओटीवर आली. “मास्तर, लिवा, ताप उतरत न्हाय. आता निघून या म्हनावं.” मी टाक उचलला आणि हाताच्या सवयीनं पहिली ओळ लिहिली, ‘येथील सर्व क्षेम.’ पुढं तापाचं लिहायचं होतं. पण परमुलखात एकटा माणूस, उगीच त्याचा जीव टांगणीला लागेल, चार दिवसांत ताप उतरेल, असं मनाशी म्हणत मी मासळीचं, शेजारपाजारचं लिहिलं आणि पाकीट चिकटवलं. खरं सांगतो, तो परतला की नीसची पत्रं थांबतील, हेही मनात होतं. पंधरा दिवसांत चंद्रा गेली.

धर्मा परतला तो ते पत्र खिशात घेऊनच. ताप अचानक आला, असं मी त्याला सांगितलं. मग दर सोमवारी यायचा. “वाचा, मास्तर.” पहिल्या ओळीला डोळे मिटायचा. “म्हंजे मी तिथं मडमा बघत हिंडत व्हतो, तवा ती बरी व्हती. व्हय ना?” मी हो म्हणायचो. दहा वर्षं म्हणालो.

धक्क्यावर पुतण्यानं ते पत्र माझ्या हातात ठेवलं. घड्यांवर फाटलेलं. “काका बोललं, मास्तरांना द्या.”

आज सोमवार. ओटीवर कोणी नाही, तरी मी मोठ्यानं वाचायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो... नाही रे धर्मा. ती बरी नव्हती. ती तुला बोलावत होती.